जपानच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवताना: कराराचा कागद, पंचेचाळीस मिनिटांचा तास आणि महिन्याचा हिशेब

प्रश्न असा आहे: शिक्षण पहिलीपासून पदवीपर्यंत इंग्रजी माध्यमात झालेलं, जपानी भाषेची एन-४ परीक्षा उत्तीर्ण, आणि एका डिस्पॅच कंपनीकडून जपानमधल्या सरकारी शाळांत एएलटी, म्हणजे साहाय्यक भाषाशिक्षक, म्हणून दरमहा २ लाख ४० हजार येनची ऑफर. रोजचा दिवस नेमका कसा जातो, काय चुकतं, आणि पैसे पुरतात का?

आधी कराराचा कागद उघडा. वर्गात तुम्हाला काय करता येईल हे तुमच्या इंग्रजीपेक्षा त्या कागदावर जास्त ठरतं. सरकारी शाळेत परदेशी माणूस तीन वाटांनी पोचतो. पहिली वाट जेट, ही १९८७ साली सुरू झालेली सरकारी योजना. अर्ज जपानी दूतावासामार्फत करायचा, करार एकेका वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. भारतातून निवड अगदी मोजक्यांची होते. दुसरी वाट गावाच्या शिक्षण मंडळाकडून थेट नेमणुकीची. ती बहुधा आधीच जपानमध्ये असलेल्यांना, तिथल्या शाळेचा अनुभव असेल तर मिळते. तिसरी वाट तुमची. शिक्षण मंडळ कंपनीला कंत्राट देतं आणि कंपनी तुम्हाला शाळेत पाठवते.

या तिसऱ्या वाटेत दोन शब्द शोधा: हाकेन, म्हणजे माणूस पाठवण्याचा करार, किंवा ग्योमु इताकु, म्हणजे कामाचंच कंत्राट. हाकेन असेल तर शाळेतला शिक्षक तुम्हाला थेट सांगू शकतो की हा भाग तुम्ही घ्या, हे वाक्य पुन्हा म्हणा. इताकु असेल तर कामाच्या सूचना कायद्याने फक्त कंपनी देऊ शकते. शाळेने दिल्या तर ते कंत्राटाच्या नावाखाली माणसं पुरवणं ठरतं. परिणाम वर्गात दिसतो. शिक्षक शेजारी उभा असूनही काही सांगायला बिचकतो, आणि तुम्हाला तो तुटक वाटतो. तो तुटक नसतो, त्याला शिक्षण मंडळाने तशी ताकीद दिलेली असते. कंपनीला हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

दुसरं पाहायचं ते आठवड्याचे तास. करारात २९.५ तास लिहिलेले दिसले तर त्यामागे हिशेब आहे. पूर्ण वेळ ४० तासांचा धरला तर त्याचे तीन चतुर्थांश, म्हणजे ३० तास, झाले की नोकरदाराला शाकाई होकेन, म्हणजे आरोग्य विमा आणि पेन्शन, द्यावंच लागतं. त्यातून सुटण्यासाठी अर्धा तास कमी लिहिण्याची प्रथा पडली. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना आठवड्याला २० तास काम करणाऱ्यांनाही त्यात घ्यावं लागतं, तेव्हा ही पळवाट मोठ्या कंपन्यांपुरती जवळजवळ बुजली आहे. तरी कंपनी तोंडी "तुम्ही स्वतः कोकुमिन होकेन (नोकरदाराविना काढायचा राष्ट्रीय आरोग्य विमा) काढा" म्हणाली तर कर्मचारीसंख्या विचाराच.

व्हिसाबद्दल थोडं. शाळेत शिकवायला क्योइकु, म्हणजे 'शिक्षक' प्रकारचा दर्जा लागतो. परदेशी भाषा शिकवण्यासाठी त्यात एक अट असते: त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं हवं. मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत एम.ए. केलेल्यांचं गाडं इथेच अडतं. तुमचं अडणार नाही, पण माध्यम इंग्रजी होतं असा शाळा आणि ज्युनिअर कॉलेज या दोघांचाही दाखला लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आत्ताच घेऊन ठेवा. गुणपत्रिकेवर माध्यम छापलेलं असतंच असं नाही, आणि जपानमधून शाळेच्या कचेरीला फोन लावत बसणं फार कंटाळवाणं होतं. आणखी एक: या दर्जावर संध्याकाळी खासगी एइकाइवा, म्हणजे संभाषण क्लासमध्ये शिकवायचं असेल तर इमिग्रेशनची वेगळी परवानगी लागते.

आता दिवस. शाळेत ८.१० ते ८.२० दरम्यान पोचायचं. दारात बाहेरचे बूट कपाटात, आतले पायात. जिमसाठी तिसरा जोड लागतो. शिक्षकांची खोली, शोकुइनशित्सु, ही एकच मोठी खोली असते. सगळ्यांची टेबलं जोडून मांडलेली, आणि दाराजवळ किंवा समोर क्योतो, म्हणजे उपमुख्याध्यापक. हजेरी, रजा, टॅक्सी, तुटलेली छत्री, सगळं त्याच्याकडे. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकापेक्षा या माणसाची ओळख नीट करून घ्या.

प्राथमिक शाळेत तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकला ५० चा, दिवसाला सहा तासिका. तुमच्या वाट्याला बहुधा चार ते पाच. तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास 'परदेशी भाषा उपक्रम' असतो, त्यात गुण नसतात. पाचवी-सहावीला वर्षाला ७० तासांचा पूर्ण विषय असतो आणि प्रगतिपुस्तकात श्रेणी लागते. २०२० च्या नव्या अभ्यासक्रमाने हा बदल झाला. माध्यमिकच्या तिन्ही वर्षांना दरवर्षी १४० तास. हा फरक लक्षात ठेवला नाही तर चौथीत परीक्षेसारखं शिकवलं जातं आणि सहावीत नुसते खेळ होतात. वर्गशिक्षकांच्या तक्रारींचं मूळ बहुतेकदा इथेच असतं.

शिक्षकाचा परवाना तुमच्याकडे नसतो, म्हणून वर्गात परवानाधारक शिक्षक हवाच. प्राथमिकला वर्गशिक्षक, म्हणजे तान्निन, आणि माध्यमिकला इंग्रजीचा जपानी शिक्षक. कागदावर मुख्य शिक्षक तो, तुम्ही साहाय्यक. पण कित्येक प्राथमिक शाळांत तान्निन सगळा तास तुमच्या हवाली करून मागे उभा राहतो, तर कित्येक माध्यमिक शाळांत तुम्हाला फक्त धडा वाचायला लावतात. दोन्हीवर उपाय एकच, उचिआवासे, म्हणजे तासाआधीचं बोलणं. त्यासाठी स्वतंत्र वेळ कोणी देत नाही. दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांतली तीन मिनिटं मिळतात. म्हणून बोलण्यावर विसंबू नका. आदल्या दिवशी अर्ध्या पानाचा कागद त्याच्या टेबलावर ठेवा: डाव्या बाजूला मिनिटं, मध्ये कृती, उजव्या बाजूला 'तुम्ही' आणि 'मी'. जपानीत, सोप्या शब्दांत, कांजीवर, म्हणजे चित्राक्षरांवर, उच्चार सांगणारा हिरागाना नसला तरी चालेल. व्याकरणाच्या चुका कोणी काढत नाही. 'तुम्ही'चा रकाना रिकामा ठेवला तर मात्र तान्निन मागेच उभा राहतो, कारण त्याला काय करायचं ते कळलेलंच नसतं.

चौथीचा 'व्हॉट टाइम इज इट?' हा भाग घ्या. ४५ मिनिटांपैकी नमस्कार आणि हवामान ३, मागच्या आकड्यांची उजळणी ५, नवे शब्द ७, तान्निनसोबत प्रात्यक्षिक ३, जोडीने बोलणं १०, खेळ १०, शेवटी फुरिकाएरी, म्हणजे मुलांनी चिठ्ठीवर आज काय जमलं ते लिहिणं, ५. दोन मिनिटं हातात उरतात, आणि ती लागतातच, कारण बाकं फिरवायला तेवढा वेळ जातो. फळ्यावर मेआते, म्हणजे आजचं उद्दिष्ट, चौकटीत लिहिल्याशिवाय तास सुरू झालाय असं मुलांना वाटतच नाही. ते जपानीत तान्निनकडून लिहून घ्या.

बिघडतं कुठे? चित्रकार्ड ए-४ पेक्षा लहान असलं तर शेवटच्या रांगेला, सात-आठ मीटरवर, काही दिसत नाही. एका तासात आठपेक्षा जास्त नवे शब्द टिकत नाहीत. खेळाचे नियम इंग्रजीत समजावत बसलात तर तिसऱ्या वाक्याला वर्ग सुटतो. नियम सांगायचे नसतात, तान्निनसोबत एक डाव खेळून दाखवायचा असतो, आणि त्यात मुद्दाम एक चूक करून 'असं नाही' हेही दाखवायचं. 'हरला तो बाद' हा खेळ टाळा. सगळ्यात कच्ची मुलं पहिल्या मिनिटाला बाद होतात आणि सरावाची गरज त्यांनाच असते. कारुता, म्हणजे कार्ड झडपण्याचा खेळ, खेळायचा तर ३५ मुलांसाठी चौघांचे गट धरून नऊ संच लागतात. आणि दोघांचा हात एकदम पडला की जानकेन, म्हणजे दगड-कागद-कात्री, हे आधीच ठरवून टाकायचं. नाहीतर रडारड होतेच.

उच्चारांचा भाग मराठी माणसाने विशेष काळजीने करावा. जपानी लिपीत जवळजवळ प्रत्येक व्यंजनाला स्वर चिकटलेला असतो, म्हणून 'मिल्क'चं मिरुकु होतं आणि 'स्ट्राइक'चं सुतोराइकु. "स्वर लावू नका" सांगून काही होत नाही. टाळी वाजवून घ्या. सुतोराइकुला मुलं पाच टाळ्या वाजवतात. मग तुम्ही एकाच टाळीत 'स्ट्राइक' म्हणा. मुलांना गंमत वाटते आणि कानही तयार होतो. 'थर्टीन' आणि 'थर्टी'चा घोळ जोर कुठे पडतो त्यावर सुटतो, तिथे जोराच्या जागी उभं राहायला सांगा.

आता आपलं. आपला 'थ' जीभ दातांना टेकवून हवा अडवतो. इंग्रजी 'थिंक'मध्ये हवा अडत नाही, वाहते. आपला 'ट' टाळूकडे मागे वळतो. 'वेस्ट' हा एकच उच्चार आपण पश्चिमेलाही वापरतो आणि बनियनलाही. मुलं जे ऐकतात तेच म्हणतात, आणि शेजारचा शिक्षक ते पाठ्यपुस्तकाच्या ध्वनिफितीशी ताडून पाहतो. ती ध्वनिफीत अमेरिकी वळणाची असते. तेव्हा पुढच्या धड्याची ध्वनिफीत आदल्या रात्री दोनदा ऐका आणि तसंच म्हणा, त्यात कमीपणा नाही. स्पेलिंगही अमेरिकी: 'कलर'मध्ये यू नाही. र आणि ल मात्र आपल्याला जन्मतः वेगळे येतात, आणि जपानी मुलाला हा फरक दाखवताना जीभ कुठे टेकते हे आपण नेमकं सांगू शकतो. वर्णमाला शिकलेल्याला काना, म्हणजे जपानी अक्षरमाला, शिकणंही सोपं जातं, कारण तिचा क्रमच अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न असा चालतो. संस्कृत वर्णक्रमाची ती सावली आहे.

तपासण्यातला एक खड्डा भारतातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला लागतो. जपानमध्ये बरोबर उत्तराला गोल करतात, आणि आपली बरोबरची खूण, टिक, तिथे चूक समजतात. पूर्ण गुणांची वही टिक करत परत दिली की मूल रडवेलं होतं आणि पालकांचा फोन येतो. पहिल्या दिवसापासून गोल. फार छान असेल तर गोलाभोवती पाकळ्या, त्याला हानामारु म्हणतात. अक्षर छापील वळणाचं काढा. आपलं जोडअक्षरी इंग्रजी मुलांना वाचता येत नाही. मान डावी-उजवीकडे डोलावणं तिथे होकार समजलं जात नाही. मेंदी रंगलेले हात पाहून कुणी गोंदण समजून दचकेल, म्हणून सणाला काढायची तर क्योतोला आधी सांगा.

माध्यमिकला वेगळी अडचण असते: शांतता. "कोण सांगेल?" या प्रश्नाला हात वर येत नाही, आणि परदेशी शिक्षक तो अपमान समजतो. आधी जोडीत एक मिनिट बोलू द्या, मग रांगेने विचारा. चुकलं तर ते जोडीचं चुकतं, एकट्याचं नाही. बोलण्याची परीक्षा घ्यायला तुम्हाला व्हरांड्यात बसवतील. ३५ मुलं आणि ५० मिनिटं, म्हणजे एकेकाला ८० सेकंद धरले तर ४६ मिनिटं ४० सेकंद होतात. आत येणं-जाणं त्यातच. पुढचं मूल आधीच दाराशी उभं करा, गुणांचा तक्ता ए-बी-सी अशा तीन श्रेणींचा ठेवा, आणि दोन प्रश्नांपेक्षा जास्त ठेवू नका. आत तोपर्यंत काय चालेल हे शिक्षकाशी ठरवलं नाही तर सगळा वर्ग खिडकीतून तुमच्याकडे बघत राहतो.

छपाई: कोपऱ्यात एक मोठं रिसो यंत्र असतं. ते आधी मास्टर, म्हणजे छपाईचा साचा, कापतं, मग भराभर छापतं. पाच प्रती हव्या असतील तर कॉपीयर, वर्गभर हव्या असतील तर रिसो. उलट केलंत तर मास्टर वाया जातं आणि ऑफिसातली बाई नम्रपणे सांगायला येते. रंगीत छपाईला परवानगी लागते. मुलांच्या नावाचा कागद कधीच कचऱ्यात टाकायचा नाही, श्रेडरमध्ये टाकायचा. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, त्यांना चॉकलेट द्यायचं नाही, सोशल मीडियावर जोडून घ्यायचं नाही. यात अपवाद नसतात.

जेवण. क्युशोकु, म्हणजे शाळेचं जेवण, वर्गातच मुलांसोबत. पांढरे अॅप्रन घातलेली मुलं वाढतात, सगळ्यांचं वाढून झाल्यावर एकदम इतादाकिमासु म्हणतात. श्लोकाशिवाय घास न घेणाऱ्या पंगतीत वाढलेल्याला हे ओळखीचं वाटतं. सोबत २०० मिलिलिटर दूध. शाकाहारी असाल तर "निकु (मांस) खात नाही" एवढं पुरत नाही. निकु म्हटलं की मासे त्यात येत नाहीत, आणि सूपमधला बेकनचा तुकडाही कित्येकांच्या हिशेबात नसतो. गाय, डुक्कर, कोंबडी, मासा, अंडं आणि दाशी अशी नावं एकेक लिहून द्या. दाशी म्हणजे बहुधा वाळवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क, तो मिसो सूपमध्येच नाही तर उकडलेल्या भाजीतही असतो. तोही चालत नसेल तर क्युशोकु पूर्ण बंद करून डबा न्या, आणि हे एप्रिलच्या सुरुवातीलाच कळवा. महिन्याची ऑर्डर गेली की पैसे कापले जातात. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं सोजी, साफसफाई. फडकं हातात घ्या. मुलं खरी त्या वेळी बोलू लागतात.

शोकुइनशित्सुत एन-४ पुरतं, पण निघताना "ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु", म्हणजे 'तुमच्याआधी निघतो, माफ करा', म्हटल्याशिवाय निघू नये. सुट्टीवरून आल्यावर खाऊ आणायचा, आणि प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात हवा, कारण तो प्रत्येकाच्या टेबलावर ठेवला जातो. सुटे पेढे तिथे पंचाईत करतात. वेष्टनातल्या चिक्कीच्या तीस-चाळीस वड्या चालतील, शेंगदाणे असल्याचं चिठ्ठीवर लिहून. पगारी रजा कायद्याने सहा महिन्यांनंतर दहा दिवस. त्याआधी ताप आला तर करारात काय लिहिलंय ते बघा, बहुधा पगार कापतात. वादळाचा इशारा आल्यावर मुलांना सुट्टी मिळते, शिक्षकांना आपोआप मिळत नाही. फोन करून विचारायचं, आणि तुमच्या बाबतीत शाळेला नाही तर कंपनीला.

पैसे. तिथे हजारांनंतर थेट 'मान', म्हणजे दहा हजार, मोजतात. तुमचे २ लाख ४० हजार म्हणजे २४ मान. आरोग्य विम्याचे सुमारे १२ हजार, पेन्शनचे तुमच्या वाट्याचे ९.१५ टक्के म्हणजे २१,९६०, रोजगार विमा दीड हजाराच्या आत, प्राप्तिकर पाचेक हजार. हातात साधारण २ लाख. शहराबाहेर एका खोलीचं भाडं ५० ते ६० हजार धरा. इथवर ठीक आहे. पण करारात बघा, ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चचा पगार कमी लिहिलेला असतो का. शाळा बंद म्हणून अर्धा पगार देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि तेव्हा भाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं. वर्षाचा एकूण आकडा काढून त्याला बाराने भागा, तोच खरा पगार. तुलनेसाठी: जेटचा पहिल्या वर्षाचा पगार बरीच वर्षं ३३ लाख ६० हजार येन होता, २०२५ मध्ये तो ४० लाख २० हजार झाला.

पहिला पगार बहुधा दुसऱ्या महिन्याच्या शेवटी येतो, शिवाय घराची अनामत आणि हमीदार कंपनीची फी असते, तेव्हा तीन लाख येन तरी सोबत न्या. पत्त्याची नोंद १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत. शाळा आडबाजूला असेल तर गाडी लागते. भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो, आणि रहदारी आपल्यासारखीच डावीकडून. रेल्वे फाटकापुढे मात्र गाडी पूर्ण थांबवावीच लागते, नुसती हळू करून चालत नाही.

दुसऱ्या वर्षी जूनपासून जुमिनझेई, म्हणजे स्थानिक कर, सुरू होतो. तो मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर असल्याने पहिल्या वर्षी लागत नाही आणि लोक विसरतात. तुमच्या पगारावर तो महिन्याला नऊ-दहा हजार होईल. मध्येच जपान सोडलं तर उरलेला एकदम भरावा लागतो.

परत येताना पेन्शनचे पैसे दात्ताई इचिजिकिन या नावाने एकरकमी मागता येतात. किमान सहा महिने भरलेले हवेत आणि हिशेब सध्या जास्तीत जास्त पाच वर्षांचा होतो. पण घाईने मागू नका. भारत आणि जपानचा सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे आणि दोन्हीकडची वर्षं पात्रतेसाठी जोडता येतात. एकरकमी घेतली की जपानमधली ती वर्षं पुसली जातात. दोन-तीन वर्षांत परतणार असाल आणि पुन्हा जायचा विचार नसेल तर मागून घेणं बरं. अर्ज जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा. त्यातून २०.४२ टक्के कर कापतात, आणि तो परत मिळवायला जपानमध्ये राहणारा कुणीतरी नोझेई कान्रिनिन, म्हणजे कर-प्रतिनिधी, लागतो. त्याची नेमणूक निघण्यापूर्वीच कर-कचेरीत एका पानाचा फॉर्म देऊन करून ठेवा. विमानात बसल्यावर असा माणूस शोधणं कठीण जातं.